पियानो ऐकायचा तर कुणाचा आणि कोणत्या रचनेपासून?

येऊर :

ठाण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याचा कान बहुधा गडकरी रंगायतनातल्या मैफली, पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ होणारा महोत्सव आणि घरात वाजणारी नाट्यपदे यांवर तयार झालेला असतो. पाश्चात्त्य अभिजात पियानो ऐकावासा वाटला की असा श्रोता पहिला प्रश्न नावांचा विचारतो, आणि त्याला वीस-पंचवीस थोर वादकांची एक लांबलचक यादी मिळते. अशा यादीतले प्रत्येकाचे काहीतरी ऐकून झाले तरी कोण कशासाठी थोर आहे हे कळत नाही, कारण प्रत्येक जण वेगळेच काही वाजवत असतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की आधी रचना निवडावी आणि तीच रचना दोन-तीन वादकांकडून लागोपाठ ऐकावी. ख्यालाची बंदिश दोन ओळींची असते आणि बाकीचा विस्तार गायक घडवतो. इथे जवळजवळ प्रत्येक स्वर कागदावर आधीच ठरलेला असतो, आणि तरीही दोन वादकांची वादने एकमेकांना ओळखही देत नाहीत इतकी वेगळी निघतात. तो फरक नेमका कुठून येतो हे ऐकण्यातच या संगीताची अर्धी गोडी आहे.

सुरुवातीसाठी मी बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ सुचवतो. ही रचना १७४१ साली छापली गेली आणि ती मुळात पट्ट्यांच्या दोन रांगा असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोच्या आधीच्या, तारा छेडून वाजणाऱ्या वाद्यासाठी आहे. आधी एक संथ एरिया, म्हणजे गाण्यासारखी चाल येते, मग तिची ३० रूपे, आणि शेवटी तीच एरिया पुन्हा. या रूपांत एरियाची वरची चाल शोधू नये, ती सापडत नाही. कायम राहतो तो तिच्याखालचा ३२ बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) मंद्रातला आधार. एकल तबलावादनात लेहरा फिरत राहतो आणि त्यावर कायदे, रेले, गती उलगडत जातात, तसे कान लावले तर आपल्याला हे लवकर उमगते. शेवटचे रूप सोडले तर दर तिसऱ्या रूपात एक आवाज दुसऱ्याच्या मागून तीच चाल घेऊन येतो, आणि त्या दोन आवाजांतले स्वरांतर दर वेळी एका पायरीने वाढत जाते.

कॅनडाच्या ग्लेन गूल्ड यांनी ही रचना १९५५ साली, वयाच्या बावीसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केली. पुनरावृत्त्या गाळून ती सुमारे ३८ मिनिटांत संपते. पुढे १९६४ पासून त्यांनी जाहीर कार्यक्रम कायमचे बंद केले आणि फक्त स्टुडिओत वाजवले. १९८१ साली त्यांनी हीच रचना पुन्हा मुद्रित केली, ती सुमारे ५१ मिनिटांची झाली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या दोन्ही मुद्रणांतली फक्त सुरुवातीची एरिया लागोपाठ ऐकावी. तरुणपणीची एरिया हलक्या पावलांनी निघून जाते, तर उतारवयातली इतकी संथ आहे की प्रत्येक स्वर आपले वजन तोलूनच पुढच्याला जागा देतो. यानंतर आंद्राश शिफ यांचे २००१ सालचे बाझल येथील मुद्रण घ्यावे. त्यात सगळ्या पुनरावृत्त्या आहेत, आणि दुसऱ्या खेपेला ते अलंकार बदलतात. माझी पसंती शिफ यांना आहे, पण सुरुवात गूल्ड यांच्यापासूनच करावी.

ट्रान्स हार्बर :

लेख आवडला. माझे बहुतेक ऐकणे ठाणे ते पनवेल या लोकलमध्ये होते, म्हणून एक व्यावहारिक मुद्दा मांडतो. गाडीच्या खडखडाटात गूल्ड यांचे १९५५ चे वादन नीट ऐकू येते, कारण त्यांचा प्रत्येक स्वर सुटा, कोरडा आणि ठसठशीत असतो. याउलट फार हळुवार वाजवणाऱ्या वादकांचे निम्मे काम ऐरोली येईपर्यंत चाकांखाली जाते, आणि आवाज वाढवावा तर पुढच्या जोरकस भागात कान बधिर होतात. त्यामुळे प्रवासात ऐकायचे आणि रात्री घरी शांतपणे ऐकायचे असे दोन वर्ग करावेत, असे मला वाटते.

दुसरे असे, की गूल्ड वाजवताना जे गुणगुणतात ते मला फार खुपते. १९८१ च्या मुद्रणात तर ते स्पष्ट ऐकू येते. इतक्या नामवंत कंपनीला ते काढून टाकता आले नसते का?

येऊर :

ते काढता येण्यासारखे नव्हते, कारण गुणगुणणे आणि वाजवणे त्यांच्याकडून एकदमच होत असे. वडिलांनी बनवून दिलेल्या बुटक्या घडीच्या खुर्चीवर, हनुवटी जवळजवळ पट्ट्यांशी येईल इतके खाली बसून ते वाजवत, आणि ती खुर्ची त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. आपल्याकडे हार्मोनियमवादक किंवा सतारिये वाजवताना ओठांत गातात, ते आपण कौतुकाने पाहतोच की.

मंद्रसप्तक :

मी थोडे विरोधी सूर लावतो, राग नसावा. पियानो अनेक वर्षे अधूनमधून ऐकूनही माझी मूळ अडचण सुटलेली नाही. या वाद्यात मींड नाही, आंदोलन नाही, गमक नाही. सप्तकाचे बारा समान तुकडे करून ठेवलेले आहेत, म्हणजे दरबारीचा गंधार तिथे जन्मालाच येऊ शकत नाही. स्वर एकदा आघाताने निघाला की वादकाच्या हातात काही उरत नाही. तो विरतच जातो. सारंगी किंवा व्हायोलिन ज्या अर्थाने गाते त्या अर्थाने पियानो गात नाही, आणि तरीही सगळे समीक्षक ‘पियानो गाऊ लागतो’ असे लिहीत असतात. हे नेमके कशाला म्हणतात, ते जाणकारांनी सांगावे.

पाम बीच :

मंद्रसप्तक, आपली अडचण योग्य आहे आणि ती पियानोवादकांचीही आहे. मी नेरूळला राहते, प्रौढपणी पियानो शिकू लागले, आणि शिकताना सर्वांत जास्त वेळ याच एका गोष्टीवर गेला. पट्टी दाबली की आत एक नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते; त्यानंतर त्या स्वराला वळवता येत नाही, फुगवताही येत नाही. म्हणून सगळी कला पुढच्या स्वरात असते. आधीचा स्वर विरत विरत जितका लहान झाला असेल, त्याला जुळेल अशाच बेताने पुढचा स्वर लावला, तर कान त्या दोघांमधली फट भरून काढतो आणि एक सलग ओळ ऐकल्याचा भास होतो. पुढचा स्वर थोडा जरी जोरात पडला तरी ओळ तुटते. उजव्या हाताची करंगळी चाल वाजवत असताना त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी तिच्याखालचे स्वर दबक्या आवाजात ठेवायचे असतात, आणि एकाच हातात असे दोन आवाज वेगळे राखणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. शिवाय उजवे पेडल दाबले की सगळ्या तारांवरचे दमनक, म्हणजे तार दाबून स्वर थांबवणाऱ्या गाद्या, उचलले जातात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा झंकारू लागतात. सतारीच्या तरफा आपल्याला परिचयाच्या आहेत, तेव्हा याविषयी अधिक सांगायला नको.

हे ऐकण्यासाठी शोपँचे ओपस ९ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधले दुसरे नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाची छोटी रचना, घ्यावे. ते इतके वाजते की लिफ्टमध्येही ऐकू येते, त्यामुळे जाणकार त्याला नाक मुरडतात, पण आपल्या श्रोत्यासाठी त्याहून चांगला दरवाजा नाही. त्यात एकच चाल पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी अधिक अलंकार लेवून येते. खुद्द शोपँने शिष्यांच्या छापील प्रतींवर या अलंकारांचे निरनिराळे पर्याय पेन्सिलीने लिहून दिलेले आहेत, म्हणजे छापलेला मजकूर हा त्याच्या लेखी शेवटचा शब्द नव्हता. इटालियन ऑपेराचे गायक ऐका, असे तो शिष्यांना बजावत असे. डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्याने तिच्यावर मोकळेपणाने रेंगाळावे किंवा किंचित पुढे जावे, ही त्याची शिकवण. विलंबित लयीत ठेका न हलता गायक आपली ओळ मागेपुढे करतो, ते ज्याने ऐकले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आर्थर रुबिनस्टाइन यांनी नॉक्टर्न्स १९६० च्या दशकात, वयाच्या ऐंशीच्या आसपास पुन्हा मुद्रित केली. त्यांत लाडिकपणा अजिबात नाही. सरळ, भरदार, खानदानी बोलणे आहे. पोर्तुगालच्या मारिया ज्वाँव पिरेश यांचे १९९० च्या दशकातले मुद्रण त्याहून अस्वस्थ आणि अंतर्मुख आहे. पिरेश यांची एक चित्रफीत जालावर फार फिरते : अॅमस्टरडॅमला वाद्यवृंदाने मोत्झार्टचा भलताच कॉन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना) सुरू केलेला ऐकून त्या हादरतात आणि मग तोच स्मरणातून वाजवतात. प्रसंग खरा आहे आणि पाहण्याजोगाही आहे, पण त्यांची थोरवी त्या फजितीत नाही, या नॉक्टर्न्समध्ये आहे.

मंद्रसप्तक :

दोन्ही ऐकली. गंधाराबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे, पण आधीच्या स्वराच्या विरण्याला जुळवून पुढचा स्वर ठेवणे ही गोष्ट रुबिनस्टाइन यांच्याकडे खरोखर ऐकू येते. पिरेश यांचे वादन मला अधिक भावले. आता काहीतरी मोठे, सावकाश उलगडणारे सुचवावे. तीन-चार मिनिटांत संपणाऱ्या वस्तूने माझे समाधान होत नाही.

घंटाळी :

सावकाश हवे असेल तर शूबर्टचा शेवटचा सोनाटा (अनेक भागांची मोठी एकल रचना) ऐकावा, बी फ्लॅट मेजरमधला, त्याच्या रचनांच्या सूचीत क्रमांक डी ९६०. तो त्याने सप्टेंबर १८२८ मध्ये पूर्ण केला आणि नोव्हेंबरमध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो वारला. पहिल्या भागाच्या सुरुवातीला प्रार्थनेसारखी शांत चाल येते, आणि ती पहिल्यांदा थांबते तिथे आठव्या बारमध्ये अगदी खाली, खर्जात, अतिशय हळू एक कंपित स्वर गुरगुरतो. त्या स्वराचे काय करायचे, इथेच वादकावादकांत फरक पडतो.

स्व्यातोस्लाव रिख्टर हा पहिला भाग चोवीस मिनिटांच्या आसपास वाजवतात. इतर बरेच जण पुनरावृत्तीसह तो वीस मिनिटांत संपवतात. रिख्टर यांची लय इतकी विलंबित आहे की सुरुवातीला वाटते, हे वादन कोसळणार. पण ते कोसळत नाही, आणि पाचसात मिनिटांनी ऐकणाऱ्याचा श्वासच त्या लयीला येऊन मिळतो. बडा ख्याल ऐकणाऱ्या माणसाला ही लय परकी वाटण्याचे काही कारण नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात ते सभागृह अंधारात ठेवून, फक्त स्वरलिपीवर एक छोटा दिवा लावून वाजवत असत, कारण लोकांनी वादकाचे हात आणि चेहरा पाहू नये असे त्यांचे मत होते.

त्यानंतर राडू लुपू ऐकावेत. ते पियानोच्या बाकावर न बसता पाठ असलेल्या साध्या खुर्चीवर रेलून बसत. त्यांचा मंद आवाज मी ऐकलेल्या वादकांत सर्वांत सुंदर आहे. ट्रान्स हार्बर यांनी मात्र तो लोकलमध्ये ऐकू नये. मित्सुको उचिदा यांचे वादन या दोघांच्या मधोमध बसते. खर्जातला तो कंपित स्वर त्यांच्याकडे सर्वांत जास्त भीतिदायक होतो.

आल्फ्रेड ब्रेंडल यांचाही उल्लेख करायला हवा. ते २०२५ साली गेले. पहिल्या भागाच्या प्रारंभिक खंडाची पुनरावृत्ती शूबर्टने लिहिली आहे, पण ब्रेंडल ती गाळत आणि गाळण्याची कारणे त्यांनी लिहूनही मांडली. मला ते मुळीच पटत नाही. पुनरावृत्तीकडे परत नेणारे नऊ बार शूबर्टने मुद्दाम वेगळे लिहिले आहेत, ते दुसरीकडे कुठेही येत नाहीत, आणि तो खर्जातला स्वर पूर्ण ताकदीने गरजतो तो फक्त तिथेच. पुनरावृत्ती गाळली की रचनेतला हा सर्वांत भयंकर क्षण ऐकणाऱ्याला कधी भेटतच नाही.

खाडीकिनारा :

सगळे जण मुद्रणांविषयीच बोलत आहेत, म्हणून प्रत्यक्ष ऐकण्याविषयी लिहितो. आपल्या बाजूला, म्हणजे घाणेकर नाट्यगृहापासून वाशीच्या भावे नाट्यगृहापर्यंत, मी अजून पूर्ण लांबीचा ग्रँड पियानो मंचावर पाहिलेला नाही. त्यासाठी नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जाणे भाग आहे. तिथे २००६ मध्ये स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्याचे हंगाम होतात, आणि पियानो कॉन्चेर्तो ऐकायला मिळतात. परतीची गाडी पकडण्याची धाकधूक गृहीत धरूनही जावे, असे माझे मत आहे, कारण मोठ्या पियानोचा खर्ज छातीत जाणवतो तो कोणत्याही हेडफोनमध्ये जाणवत नाही. कॉन्चेर्तोला बहुधा तीन भाग असतात आणि मधल्या विरामात टाळ्या वाजवायच्या नसतात, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. समेवर ‘वाहवा’ म्हणायची सवय असलेल्या माणसाला हे जड जाते. मला ते आजही जड जाते, आणि तो रिवाज शहाणपणाचा आहे असेही मला वाटत नाही, पण शेजाऱ्याचे डोळे वटारलेले पाहण्यापेक्षा गप्प बसलेले बरे.

कॉन्चेर्तो कोणता ऐकावा, याचे माझे उत्तर ठरलेले आहे : रावेलचा जी मेजर. १९३२ च्या जानेवारीत पॅरिसला मार्गरीत लाँग यांनी तो प्रथम वाजवला, आणि वाद्यवृंदाचे संचालन स्वतः रावेलने केले. पहिला भाग चाबकाच्या कडाक्याने सुरू होतो आणि त्यात जॅझचा रंग भरपूर आहे. खरी कमाल दुसऱ्या भागात आहे. तिथे वाद्यवृंद गप्प असतो आणि पियानो एकटाच जवळजवळ तीन मिनिटे एक अखंड चाल वाजवतो. उजवा हात बारमध्ये तीन वजने मोजतो, डावा हात त्याच बारमध्ये दोन, आणि हा तिढा इतक्या शांतपणे चालतो की लयीचा अभ्यास असलेल्यालाच तो चटकन कळावा. मग बासरी येते. पुढे तीच चाल इंग्लिश हॉर्न या फुंकून वाजवायच्या वाद्याकडे जाते आणि पियानो तिच्याभोवती नक्षी काढत राहतो.

अर्जेंटिनाच्या मार्था आर्गेरिच यांनी १९६५ मध्ये वॉर्साची शोपँ स्पर्धा जिंकली आणि १९६७ मध्ये क्लाउडिओ आबाडो यांच्यासोबत बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर हा कॉन्चेर्तो मुद्रित केला. त्याच तबकडीवर प्रोकोफिएव्हचा तिसरा कॉन्चेर्तोही आहे. वेग, धार आणि अचूकपणा यांत त्यांना तोड नाही, पण मला आश्चर्य वाटते ते अशा वादळी बाईंनी तो संथ भाग इतक्या साधेपणाने वाजवल्याचे. त्या ज्यांच्याकडे काही काळ शिकल्या त्या आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली यांचे १९५७ चे मुद्रण शेजारी ठेवावे. ते थंड, चकाकणारे आणि जवळजवळ निर्दोष आहे. मला आर्गेरिच हव्यात.

सीवूड्स आई :

आपल्या चर्चेत थोडा घरगुती प्रश्न विचारते. माझी मुलगी वाशीला पियानो शिकते आणि बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाट्याचा पहिला भाग वाजवायला लागली आहे. तिला कोणाचे वादन ऐकवावे? आणखी एक विचारायचे होते. आम्ही जुना उभा पियानो घेतला, तर पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या अडकू लागल्या आणि सूर चढला. हे आमच्याकडेच होते का?

पाम बीच :

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. खाडीच्या दोन्ही काठांवर हे सर्वांकडे होते. तारांमागची लाकडी ध्वनिफळी दमट हवेत फुगते, त्यामुळे तारांवरचा ताण वाढून सूर चढतो, आणि हवा कोरडी झाली की उतरतो. आतला नमदा आणि लाकूड फुगल्याने पट्ट्याही अडकतात. पियानो बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला लागून ठेवू नये, खोलीतली आर्द्रता वर्षभर शक्य तितकी सारखी राखावी, आणि सूर लावून घ्यायचा तर पाऊस पूर्ण सरल्यावर, हवा स्थिरावली की घ्यावा. ऐन जुलैत लावलेला सूर टिकत नाही.

आता ‘मूनलाइट’. हे नाव बीथोव्हनचे नाही. तो गेल्यावर रेल्श्टाब नावाच्या समीक्षकाने केलेल्या वर्णनावरून ते रूढ झाले. १८०१ च्या या रचनेला बीथोव्हनने स्वतः ‘जवळपास फँटसी’ अशा अर्थाचे उपशीर्षक दिले होते, आणि पहिला संपूर्ण भाग तारांवरचे दमनक उचललेले ठेवून वाजवावा अशी सूचना लिहिली होती. त्या काळच्या पियानोचा स्वर लवकर विरत असे, त्यामुळे तेव्हा ते शोभत असावे. आजच्या पियानोवर तसेच केले तर स्वर एकमेकांत कालवले जातात, म्हणून बहुतेक वादक पेडल बदलत राहतात. शिफ मात्र ती सूचना मनावर घेतात आणि लयही पुष्कळ चालती ठेवतात. मुलीला ते एकदा ऐकवावे, म्हणजे हा भाग रडवेला असलाच पाहिजे हा समज जाईल. आर्तुर श्नाबेल यांनी १९३० च्या दशकात बीथोव्हनचे सर्व ३२ सोनाटे पहिल्यांदा मुद्रित केले, तेही ऐकवावेत. त्यांची बोटे तिसऱ्या भागात कुठे कुठे घसरतात, तबकडीवर खरखरही आहे, पण रचना कुठे चालली आहे हे त्यांच्याइतके स्वच्छ क्वचितच कोणी सांगते.

येऊर :

मुलांसाठी शूमानची ‘किंडरझेनेन’ ही १८३८ ची तेरा छोट्या तुकड्यांची माळही ध्यानात ठेवावी. ती मुलांनी वाजवण्यासाठी लिहिलेली नाही, मोठ्या माणसाने बालपणाकडे वळून पाहिलेले आहे, पण ऐकायला मुलांना आवडते. १९२५ मध्ये रशिया सोडून गेलेले व्लादिमीर होरोविट्झ १९८६ मध्ये मॉस्कोला कार्यक्रम करायला परत आले, तेव्हा त्यांनी यातलाच ‘ट्रॉयमेराय’ हा तुकडा वाजवला. त्याची चित्रफीत उपलब्ध आहे. बोटे जवळजवळ सपाट ठेवून वाजवायची त्यांची पद्धत पाहून मुलीच्या शिक्षकांनी आक्षेप घेतला, तर जबाबदारी माझी नाही.

दिनू लिपाट्टी यांचे नाव अजून कोणी काढले नाही, म्हणून काढतो. सप्टेंबर १९५० मध्ये, गंभीर आजारी असताना, त्यांनी फ्रान्समध्ये बेझाँसाँ येथे शेवटचा कार्यक्रम केला. शोपँच्या चौदापैकी तेरा वॉल्ट्झ वाजवून झाल्यावर ताकद संपली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ३३ व्या वर्षी ते गेले. ही हकिकत माहीत झाल्यावर ते मुद्रण कोरड्या डोळ्यांनी ऐकणे कठीण होते, आणि म्हणूनच मी सुचवतो की आधी त्याच कार्यक्रमातली बाखची पहिली पार्टिटा (नृत्यांच्या चालींची माळ) ऐकावी. तिच्यात आजाराचा मागमूस नाही. इतके निरोगी, हसरे बाखवादन मी दुसरे ऐकलेले नाही, गूल्ड यांचे धरूनही.

मंद्रसप्तक :

शूबर्टचा सोनाटा रिख्टर आणि ब्रेंडल या दोघांकडून ऐकला. घंटाळी यांच्या मताविरुद्ध जाऊन सांगतो, मला ब्रेंडल यांचा निर्णय पटला. तो खर्जातला कंपित स्वर शेवटपर्यंत दबलेलाच राहावा, त्याने कधीही तोंड उघडू नये, यात मला जास्त भय वाटते.

घंटाळी :

मग शूबर्टने ते नऊ बार लिहिले कशाला, याचे उत्तर ब्रेंडल यांच्या बाजूने आपणच द्यावे. आणि देण्याआधी उचिदा यांचा पहिला भाग पुनरावृत्तीसह पूर्ण ऐकावा. तो लोकलमध्ये ऐकलेला धरला जाणार नाही.